कॅमेऱ्याला वही दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रांच्या सदरात एका पालकांनी सुचवलं आहे की, आता वर्गावर्गात कॅमेरे बसलेत तर मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीत बसून पडद्यावरच सगळे वर्ग बघावेत. वर्गात जाऊन बसण्यात वेळ घालवायची गरज उरलेली नाही, आणि कुणीतरी बघतंय म्हटल्यावर शिक्षकही सुतासारखे सरळ होतील. त्या पालकांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण चौतीस वर्षं मी गणित शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. शाळा सातारा जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची, अनुदानित, पाचवी ते दहावी. पत्र वाचून दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. २०२४ साली बदलापूरचा प्रकार घडला आणि शासनाने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले, ते मुलांच्या सुरक्षिततेसाठी. ते हवेतच. आमच्याकडेही बसले आणि माझ्या टेबलासमोर सोळा चौकोनांचा पडदा आला. त्यात मला काय दिसायचं ते सांगते. मुलांची डोकी, मध्ये फिरणारा पंखा, फळ्यासमोर हलणारा हात. आवाज नाही. शिक्षक प्रश्न विचारतोय की रागावतोय तेही कळायचं नाही. आणि जे बघायला वर्गात जायचं असतं, म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या पोराने वहीत काय लिहिलंय, ते तर छताला लावलेल्या कॅमेऱ्याला दिसणारच नाही.

मला हे कळलं १९९१ साली, आणि तेही माझ्याच फजितीतून.

जूनमध्ये नोकरीला लागले होते. बी.एड.चे पाठ ताजे होते, त्यामुळे मागे बसून कागदावर शेरे लिहिणारी माणसं मला नवी नव्हती. ऑगस्टमध्ये एके दिवशी आमचे हेडसर आठवी ‘ब’च्या दारात उभे राहिले, मानेनेच ‘येऊ का’ विचारलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. हातात पाठाचे शेरे लिहायचं लॉगबुक नाही, काही नाही. शेजारी वाडीवरून चार किलोमीटर चालत येणारा एक मुलगा होता. मी ऋण संख्या शिकवत होते आणि त्या दिवशी फारच रंगात होते. ‘उणे उणे अधिक’ असा एक ठेका मी मुलांना दिला होता. साठ मुलं तो एका सुरात म्हणायची. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या, इतक्या जोरात.

शाळा सुटल्यावर बोलावणं आलं. मी ऑफिसात गेले तर सर तिथे नव्हते, त्याच रिकाम्या आठवी ‘ब’मध्ये मागच्या बाकावर बसले होते. म्हणाले, “इथे बसा बाई, शेजारी.” माझ्यासमोर त्या मुलाची वही ठेवली. त्याच्याकडून मागून घेतली होती. पान उघडलं: −३ − ५ = +८. खाली −७ − २ = +९. अशी सहा गणितं. आणि आदल्या दिवशीच्या पानावर याच चुकीवर माझी लाल बरोबरची खूण, खाली माझी सही.

“याने असं का लिहिलं असेल?”

“लक्ष नसेल, सर.”

“लक्ष होतं. मी शेजारीच होतो ना. तुम्ही म्हणालात तेच त्याने लिहिलंय. दोन उण्या दिसल्या, अधिक करून टाकलं.”

माझ्या तोंडाला कुलूप. गुणाकाराचा नियम मी ठेक्यात बसवला होता आणि तो कुठे लावायचा नाही हे सांगायला विसरले होते. वर्गाच्या पुढे उभं राहून साठ मुलांचा एक सूर ऐकू येत होता, सगळ्यांना येतंय असंच वाटत होतं. सरांनी मला उपाय सांगितला नाही. “उद्या काय कराल?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, सुचत नाही. ते म्हणाले, “मलाही पटकन सुचत नाहीये. बघा काय जमतंय. मी शुक्रवारी येतो.”

आणि शुक्रवारी ते खरंच आले. तोवर मी दारापासून टेबलापर्यंत जमिनीवर खडूने संख्यारेषा काढली होती आणि दुकानातल्या उधारीचा हिशेब घेतला होता. तीन रुपयांची उधारी, वर आणखी पाचांची. तोच मुलगा उणे तीनवर उभा राहिला आणि एकेक पाऊल मागे जायला लागला. उणे सातवर ओरडला, “बाई, भिंत आली!” शून्य मी चुकून टेबलाच्या फार जवळ घेतलं होतं. वर्ग हसला, सरही हसले. पण उणे आठ भिंतीत आहे हे साठ मुलांना कळलं. दहा मिनिटं बसून सर उठून गेले. त्या संध्याकाळी लॉगबुकात तीन वाक्यं होती: ‘ऋण संख्यांची बेरीज संख्यारेषेवर चालून घेतली. मागच्या बाकांवरील उत्तरे बरोबर. वह्या तपासताना घाई नको.’ तिसरं वाक्य झोंबलं. म्हणूनच ते मी माझ्या टाचणवहीत उतरवून ठेवलं, अजून आहे.

पुढे त्या सरांची जागा दुसऱ्यांनी घेतली. शाळाही सांगत नाही आणि नावही. लॉगबुकाचं छापील पान असतं: पूर्वतयारी, प्रस्तावना, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, साधनांचा वापर, विद्यार्थी सहभाग, शेरा. सलग सात वर्षं माझा शेरा एकच: ‘फलकलेखन ठळक असावे. आवाज स्पष्ट. एकूण परिणाम चांगला.’ संस्कृतच्या बाईंनाही तोच आणि पी.टी.च्या सरांनाही तोच. पी.टी.च्या सरांना फलकलेखन! एका वर्षी माझ्या पाठनिरीक्षणाची तारीख चक्क रविवारची निघाली. आम्ही शिक्षकखोलीत हसायचो आणि सही करायचो.

पण दुसऱ्यावर किती हसणार? २०१४ मध्ये मी त्या खुर्चीत बसले आणि पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत तपासणीचं पत्र आलं. एकोणीस शिक्षक, प्रत्येकाचे दोन पाठ पाहिलेले असायला हवेत. मी एकही पाहिला नव्हता. रात्री जेवणं उरकून बसले, दोन रंगांची पेनं घेतली आणि अडतीस पानं भरली. ज्या वर्गात वर्षभर पाऊल ठेवलं नव्हतं तिथे ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ लिहिलं. तपासणीला आलेल्यांनी पानं मोजली, खाली सही केली. वाचलं कुणीच नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं असं त्या दिवशी वाटलं. आता इतक्या वर्षांनी आपल्या पेपरातून कबूल करते आहे.

पुढच्या वर्षी ठरवलं, आता खरंच जायचं. अतिउत्साहात वेळापत्रक करून भिंतीवर लावलं: अमुक तारखेला अमुक वर्ग. लॉगबुक काखेत मारून सहावीत गेले. भूगोलाचा पाठ. बाईंनी प्रश्न सुरू केला, “महाराष्ट्रातलं सर्वांत उंच...” आणि पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उठून म्हणाली, “गोदावरी!” तिने पुढच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकलं होतं. बाईंनी आदल्या दिवशी सगळी प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली होती, त्यात पोरीचा एक नंबर चुकला. कळसूबाई बिचारं तसंच राहिलं. बाई रडवेल्या झाल्या, मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या मुलीला रागावू नका एवढंच मी त्यांना नंतर सांगितलं. चूक माझी होती. मीच काखेत परीक्षा घेऊन गेले होते.

मग हळूहळू एक रीत बसत गेली. तिसरी तासिका माझी वर्गांची. त्या पस्तीस मिनिटांत फोन आला तर आमचे शिपाईमामा सांगायचे, “बाई वर्गात आहेत.” लॉगबुक कपाटात, हातात साधी वही. आदल्या दिवशी शिक्षकाला विचारायचं, “उद्या तुमच्याकडे येऊ का? मी काय बघू?” हा ‘मी काय बघू’ फार कामाचा निघाला. पहिले काही महिने सगळे म्हणायचे, तुम्हीच ठरवा मॅडम. नंतर उत्तरं यायला लागली. कुणी म्हणे, मागची मुलं काय करतात ते बघा. कुणी म्हणे, गटात बसवल्यावर नुसतीच गडबड होते का ते बघा. बसायचं मागच्या बाकावर, मुलाशेजारी, जमल्यास वेगवेगळ्या मुलाशेजारी. पंधरा-वीस मिनिटं बास. आणि बोलणं त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर, त्याच वर्गात. माझ्या टेबलापलीकडे शिक्षकाला उभं करून बोललं की तो ‘हो मॅडम’च्या पलीकडे जात नाही. रिकाम्या वर्गात बाकावर शेजारी बसलं की बोलतो. आधी त्याने बोलायचं, मग मी. आणि मी एकच गोष्ट सांगायची. सहा सुचल्या तरी पाच गिळायच्या. मला ते फार जड गेलं. गणिताच्या शिक्षकाला चूक दिसली की हात शिवशिवतो.

एक गणित-विज्ञानाचे सर २०१९ मध्ये शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर, आले. तेव्हा माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिना ८,००० रुपये मिळायचे. २०२३ मध्ये ते १८,००० झाले, तोवर त्यांची तीन वर्षं संपली होती. हुशार मुलगा. त्यांनी सांगितलं, “मॅडम, मी भरपूर प्रश्न विचारतो, तरी वर्ग थंड आहे.” मी वहीत बाकांचा नकाशा काढला आणि ज्याला प्रश्न गेला त्या जागी रेघ मारत गेले. तासाअखेर सत्तावीस रेघा. त्यातल्या एकवीस पहिल्या दोन बाकांवर, आणि मुलींच्या सगळ्या रांगेत मिळून चार. मी एक शब्दही बोलले नाही, नकाशा त्यांच्यासमोर सरकवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे मी केलंय?” माझ्या वहीत आणखी एक नोंद होती, ती त्या दिवशी गिळली आणि दुसऱ्या फेरीला काढली: प्रश्न विचारल्यावर ते थांबतच नव्हते. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकातच वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं की, शिक्षक प्रश्न टाकून सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असलेली मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल’. सरांनी ते इतकं मनावर घेतलं की एकदा ओठ हललेले मुलांनी पाहिले आणि वर्गात त्यांचं नाव ‘विठ्ठल सर’ पडलं. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतःच मला बोलावलं: “मॅडम, परत रेघा मारा.” मुलींच्या रांगेत अकरा आल्या.

सगळं असंच गोड झालं असं मात्र नाही. जी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती माझ्या उद्धटपणाची आहे.

इतिहासाचे एक ज्येष्ठ सर, एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. त्यांच्या वर्गात बसले. सर सुरेख बोलायचे, पण वीस मिनिटांत एकही प्रश्न नाही. एक पोरगी हात वर करून करून थकली, तिच्याकडे बघितलंदेखील नाही. मी तापले. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत, चारचौघांत, सांगून मोकळी झाले: प्रश्न विचारत जा, मुलांना बोलतं करा, नुसतं व्याख्यान नको. सर एवढंच म्हणाले, “बरं.” आणि पुढे दोन महिने कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. मी बोलायला गेले तर मान वळवून निघून जायचे. मी म्हटलं, अहंकार आहे, जाऊ दे.

दिवाळीनंतर एकदा शिपाईमामा कपबशा उचलता उचलता म्हणाले, “बाई, रागावू नका, एक सांगू? सरांना डाव्या कानानं ऐकूच येत नाही. उजवाही कमी झालाय. तास संपला की मी खिडकीतनं हात करतो त्यांना. वर्ष झालं.”

माणूस प्रश्न विचारत नव्हता कारण उत्तर ऐकू येत नव्हतं. आमच्या शाळेच्या पलीकडेच एस.टी. स्टँड, गाड्यांची घरघर दिवसभर. आणि मला मान वळवून निघून जातात असं वाटायचं ते मी डाव्या बाजूने हाक मारायचे म्हणून. एका माणसाला वर्षभर हे माहीत होतं आणि तो वर्गात न बसता नुसता खिडकीबाहेरून जात होता. मी आत वीस मिनिटं बसून फक्त ‘प्रश्न नाहीत’ एवढंच पाहिलं. का नाहीत, ते विचारलं नाही.

मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, विषय टाळला. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांचे तास रस्त्याच्या बाजूच्या खोलीतून ग्रंथालयाशेजारच्या खोलीत हलवले, आणि उत्तर द्यायला मुलाने पुढे येऊन सरांच्या उजव्या बाजूला उभं राहायचं असं ठरलं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी मशीन घेतलं. आठवीत त्यांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारचा धडा घेतला तेव्हा मुलांना आजी-आजोबांकडून ऐकलेलं घेऊन या म्हणाले. एका मुलाच्या पणजोबांच्या घरी भूमिगत कार्यकर्ते जेवून गेले होते. तो मुलगा पुढे उभा राहून सांगत होता आणि सर कानामागे तळहात धरून ऐकत होते. मी मागच्या बाकावर होते, वहीत काहीच लिहिलं नाही.

यानंतर मी माझाही वर्ग उघडा केला. आठवड्याला माझ्या चार तासिका होत्या. म्हटलं, कुणीही या, बसा, सांगा. महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग मराठीचे सर आले. तास झाल्यावर संकोचत म्हणाले, “मॅडम, तुम्ही ‘समजलं का?’ बावीस वेळा म्हणालात. मुलं बावीस वेळा ‘हो’ म्हणाली.” मी त्यांच्या वहीकडे बघितलं, खरंच बावीस रेघा. १९९१ मधला तो ठेका गेला होता, पण त्याचा भाऊ आला होता. त्या दिवसापासून शिक्षकखोलीतलं बोलणं बदललं, हे मी माझ्या पंधरा-वीस फेऱ्यांनी करू शकले नव्हते.

आता मुख्याध्यापकांच्या बाजूनेही दोन शब्द, कारण ‘वर्गात का जात नाहीत’ असं विचारणं सोपं आहे. सकाळी अकराला मेल येतो: ‘माहिती आजच बारापर्यंत तात्काळ सादर करावी.’ यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरची माहिती, शालार्थची वेतनबिलं, आधार जुळत नसलेली मुलं, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, दहावीचे अर्ज, पोषण आहाराच्या तांदळाचा शिलकी हिशेब. लिपिक असेल तर देव पावला. आणि आमची तरी माध्यमिक शाळा होती. वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचं काय? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर पटाला दिलाय. वीस-पंचवीस पटाच्या शाळेत दोन शिक्षक, त्यातले ज्येष्ठ ते मुख्याध्यापक, आणि ते स्वतः दोन-तीन इयत्ता एकत्र घेऊन बसलेले. त्यांनी कुणाचा वर्ग कधी बघायचा? यासाठीच १९९४ साली शासनाने केंद्रप्रमुख नेमायचं ठरवलं, साधारण दहा शाळांमागे एक, राज्यभरात ४,८६० पदं. कल्पना उत्तम होती. पण त्यातली कितीतरी पदं रिकामी राहतात आणि जे आहेत त्यांच्याकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, म्हणजे तेही अहवालच गोळा करत फिरतात. माझे यजमान जिल्हा परिषदेत शिक्षक होते, त्यांच्या तोंडून ऐकलंय: केंद्रप्रमुख गाडी बंद न करताच फाटकातून विचारायचे, “माहिती भरली का?”

केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, तरी या कामाला लावता येईल. सध्या तिथे चाळीस शिक्षक एका हॉलमध्ये बसून पडद्यावरचं सादरीकरण बघतात आणि मधल्या वेळेत चहा पितात. त्याऐवजी त्या दिवशी ज्या शाळेत परिषद असेल तिथल्याच एका वर्गात एकाने खरा पाठ घ्यावा, बाकीच्यांपैकी सात-आठ जणांनी एकेका मुलाशेजारी बसावं. शिक्षकाकडे बघायचंच नाही, मुलाकडे बघायचं. जपानमध्ये शिक्षक शंभराहून जास्त वर्षं हेच करत आलेत: पाठ मिळून आखतात, एकजण घेतो, बाकीचे मुलं काय करतात ते टिपतात आणि मग सगळे बसून बोलतात. त्याला ना पोर्टल लागतं ना कॅमेरा.

एक मागणी मात्र शिक्षण विभागाकडे स्पष्ट करते. पाठ पाहणारा आणि शिक्षकाच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणारा एकच माणूस आहे, ही यातली खरी गाठ आहे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, अशी पगारवाढ असते. ती ज्याच्या सहीवर अडू शकते त्याच्यासमोर कुणी आपला कच्चा पाठ घेईल? तो कालचा पाठच घेणार आणि पोरगी ‘गोदावरी’च म्हणणार. शिकण्यासाठी पाहिलेल्या पाठाचं टिपण शिक्षकाकडेच राहू दे, ते फाइलीत येऊ नये आणि तपासणीत मागू नये. मूल्यमापनाचे वर्षातले दोन पाठ वेगळे घ्या, सांगून घ्या, त्यावर जे लिहायचं ते लिहा. आमच्याकडे मी हे माझ्या अखत्यारीत केलं. साध्या वहीतलं पान फाडून शिक्षकाच्या हातात द्यायचे. विठ्ठल सरांकडे अशी चौदा पानं आहेत म्हणे.

शिक्षकांच्या नेहमीच्या आक्षेपालाही उत्तर द्यायला हवं. “माझा विषय संस्कृत, बाईंचा गणित. त्यांना माझ्या पाठातलं काय कळणार?” विषयातलं नाहीच कळत. संस्कृतच्या तासाला मी विद्यार्थिनी होऊन बसायचे आणि कुठे माझा धागा सुटला तेवढंच सांगायचे. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत हेच कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पालकांना माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना कॅमेऱ्याबद्दल विचारण्याऐवजी असं विचारा: “गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कोणत्या वर्गात, कोणत्या मुलाशेजारी बसलात?” उत्तर यायला वेळ लागला तर तीन विठ्ठल थांबा.

परवा रात्री विठ्ठल सरांचा फोन आला. शाळेतल्या एका नव्या बाईंनी त्यांना सातवीच्या वर्गात बसायला बोलावलं होतं. म्हणाले, “मॅडम, मागच्या बाकावरच्या एका पोराने −४ − ६ = +१० लिहिलंय. बाई म्हणतात त्याचं लक्ष नव्हतं. उद्या जमिनीवर रेषा काढू म्हणतोय. कुठून कुठपर्यंत काढू?”

मी म्हटलं, दारापासून काढा, आणि शून्य टेबलापाशी घेऊ नका, भिंत लवकर येते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, जि. सातारा

(पत्रातल्या सहकाऱ्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून नाव छापू नये ही विनंती. नाव-पत्ता स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)